माया ठेवून

मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते. आभाळ रोज भरून यायचं आणि न बरसताच पुढं निघून जायचं. दुपारची मी कटिंगला बसले होते. टेबलाखाली माझी कातरणाची टोपली असते. ब्लाऊजपीस कापून उरलेले तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, काठाचे बारके चौकोन, सगळं तिच्यात जातं. पायपिंगला लाल पट्टी हवी होती म्हणून न बघताच हात खाली घातला, तर बोटांना ऊब लागली. वाकून बघितलं. दोन हिरवट डोळे माझ्याकडे बघत होते आणि पळून जायची काही घाई दिसत नव्हती.

पांढऱ्या अंगावर केशरी आणि काळे तुकडे. तोंडाच्या बरोबर मधोमध रेघ, एक बाजू केशरी, दुसरी काळी, दोन कापडं जोडून कुणी शिवण घालावी तशी. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्तींनी तिला एकदाच न्याहाळलं आणि नाव ठेवून मोकळ्या झाल्या. ठिगळी.

पहिले चार दिवस ती फक्त दुपारी यायची. टोपलीत झोपायची, दिवे लागले की जायची. मी काही दिलं नाही, तिनं मागितलं नाही. पाचव्या दिवशी आत्ती तांदूळ निवडत बसल्या होत्या. ठिगळी त्यांच्यासमोर आडवी झाली आणि पोट चाटायला लागली. आत्तींचे हात ताटात थांबले.

"अगं, ही पोटुशी हाय."

आत्तींचं माहेर वारणाकाठचं. गोठ्यातल्या म्हशींत त्यांचं सगळं लहानपण गेलं. जनावराला गाभण म्हणायचं आणि बाईला पोटुशी, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. तरी त्यांच्या तोंडून पोटुशी हाच शब्द आला. मी खाली बसून बघितलं. पोट अजून फारसं दिसत नव्हतं, पण सड गुलाबी होऊन वर आले होते आणि त्यांच्याभोवतीचे केस विरळ झाले होते. पहिल्या वेताच्या मांजरीत हे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागतं, हे मला नंतर कळलं. आत्तींना ते नुसत्या नजरेनं कळलं होतं.

त्या संध्याकाळी ती जायला निघाली तेव्हा मी दार ओढून घेतलं नाही, पण दारात दुधाची वाटीही ठेवली नाही. आमच्या मुलीनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं, मोठ्या मांजराला गाईचं दूध बहुतेक पचत नाही, पोट बिघडतं. म्हणून कोंबडीचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात उकडले आणि बशी टोपलीजवळ ठेवली. आमच्या घरात मीठमसाला न घालता काही शिजवणं हेच नवीन. सांगलीत कांदा-लसूण मसाल्याशिवाय रस्सा होत नाही, आणि कांदा-लसूण तर मांजराला विषासारखं. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा कितीतरी घरांतून दारातल्या मांजराला टाकला जातो. आम्हीही टाकत आलो होतो.

ठिगळी बशीपर्यंत आली, खाल्लं, आणि त्या रात्री गेली नाही.

*

विश्रामबागकडच्या डॉक्टरांकडे नेलं ते आषाढ लागल्यावर. भाजीच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार क्रेटवर दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीनं बांधला, आत जुना टॉवेल. ती रिक्षात ओरडली नाही, पण तिच्या पंजांना घाम सुटला होता आणि क्रेटच्या तळाला चार ओले ठसे उमटले होते. मांजराला घाम पंजांतून येतो, हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि आधी एक गोष्ट स्पष्ट विचारली. पिल्लं होऊ द्यायची आहेत का? या अवस्थेतही गर्भाशय काढायचं ऑपरेशन करता येतं, उशीर होत चालला आहे पण करता येतं, आणि रस्त्यावरच्या मांजरांसाठी काम करणारी कितीतरी माणसं तेच करतात. मला त्यांचं म्हणणं पटलं. सांगलीत पिल्लांना घरं मिळवणं किती अवघड आहे हे मी डोळ्यांनी बघते. मंडईच्या मागं खोक्यात घालून सोडलेली पिल्लं बघितली आहेत. तरी माझ्या तोंडून हो निघेना. जो तसा निर्णय घेतो त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून पुढची सगळी जबाबदारी आपली, एवढं मी तिथं टेबलाला धरून उभी असताना मनाशी पक्कं केलं.

मग एक्स-रे. पिल्लांची हाडं एक्स-रेत दिसायला साधारण सहा आठवडे जावे लागतात, ते झाले होते. काळ्या फिल्मवर डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवत मोजलं. एक, दोन, तीन, आणि बरगड्यांच्या आड लपलेला चौथा. चार बारके कणे, मोत्यांच्या चार सरी गुंडाळून ठेवल्यासारखे. किती आहेत हे आधी माहीत असलेलं बरं, असं ते म्हणाले. म्हणजे बाळंतपण संपलं की अजून एक आत आहे, हे त्या रात्री ओळखता येतं. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते. आपल्याला दिवस माहीत नाही, तेव्हा अजून दोन आठवडे धरून चाला. जंताचं औषध दिलं. लस आता नको, म्हणाले. आणि खायला पिल्लांचं कोरडं खाणं आणा, कारण आता तिला दोन जिवांपुरतं नव्हे, पाच जिवांपुरतं लागणार.

*

माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत एक मुलगी सहाव्या महिन्यात होती. डोहाळजेवणाचा ब्लाऊज शिवायचा होता, हिरव्या पैठणीवरचा. माप घेताना तिला टोपलीतली ठिगळी दिसली आणि ती एकदम दोन पावलं मागं सरली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, पोटुशीनं मांजराजवळ जायचं नसतं. मी म्हटलं, भीती अगदीच खोटी नाही. मांजराच्या विष्ठेतून एक परोपजीवी जंतू येऊ शकतो, तो गर्भाला अपाय करतो. पण ती विष्ठा निदान दिवसभर तशीच पडून राहिली तरच तो जंतू लागण करण्याजोगा होतो. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ करायचा आणि गरोदर बाईनं त्याला हात लावायचा नाही. नीट न शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यातूनही तोच धोका. नुसतं मांजर घरात बसलं म्हणून काही होत नाही. ती ऐकत होती. शेवटी ओढणी सावरत म्हणाली, "काकू, तिला कितवा?"

तिचा ब्लाऊज मी नेहमीसारखाच शिवला, बाजूच्या शिवणींत भरपूर माया ठेवून. सासरी शिवण शिकवताना आत्तींनी पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट हीच. कापड कापताना कंजुषी करायची नाही. अंग बदलतं. आज बसलेलं माप उद्या बसणार नाही, तेव्हा उसवून सोडायला आत काही असलं पाहिजे. बाहेरून दिसत नाही, पण अंगाला कळतं.

ठिगळीसाठी जागा करताना मात्र मी हे विसरले.

जिन्याखालचा कोपरा मी पक्का ठरवून टाकला होता. माझ्या डोळ्यासमोर, मशीनपासून चार हातांवर, रात्री उठून बघायला सोपा. फ्रिजच्या खोक्याचा अर्धा भाग कापून आणला. पुढच्या बाजूला दार कापलं, खाली चार बोटं उंबरा ठेवून, म्हणजे आईला पाय टाकून जाता येईल पण पिल्लू घरंगळून बाहेर पडणार नाही. आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांनी खाली घालायला धुतलेलं बारदान आणलं, पण कितीही धुतलं तरी त्यातून पिवळी धूळ उडतच राहिली, ते परत पाठवलं. आत्तींनी आपल्या पेटीतून एक जुनं लुगडं काढून दिलं. सुती, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आमची मुलगी जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा याच लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. त्याची मी हातभर वाकळ शिवली. टाके अगदी जवळ जवळ घातले, म्हणजे पिल्लाची नखं अडकायला धाग्याचा फासा सुटा राहू नये. टॉवेल मुद्दाम घातला नाही, त्याच्या फाशांत बारीक नखं अडकतात.

सगळं झाल्यावर ठिगळीला आणून समोर ठेवलं. ती आत गेली. वाकळ हुंगली. एक गिरकी घेतली, बाहेर आली आणि निघून गेली.

पुढचे आठ दिवस ती घर तपासत होती. याला दुसरा शब्द नाही. धान्याच्या कोठीमागं अर्धा तास. देवघराच्या खालच्या कप्प्यात एक दुपार. आमच्या पलंगाखाली दोन रात्री. मी तिला दर वेळी उचलून खोक्यात आणून ठेवायची आणि ती दर वेळी उठून जायची. चौथ्या-पाचव्या वेळी आत्ती म्हणाल्या, "किती ओढतीस तिला? माहेरवाशिणीला जागा तिनं निवडायची असती."

मग एका सकाळी ती सापडेना. माडीवर गेले. भिंतीतल्या फडताळाचं दार बोटभर उघडं होतं. खालच्या कप्प्यात गणपतीच्या मखराचं सामान असतं. पडदे, झालरी, गुंडाळलेली मखमल. त्या मखमलीवर ती बसली होती आणि पुढच्या पायांनी पडदा उकरून खड्डा करत होती.

*

सांगलीत जुलै म्हणजे दोन आकडे. कोयना धरणातून पाणी किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. इथली लहान पोरंसुद्धा हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडं पाणी शिरलं की गावभागातली माणसं वरच्या मजल्याकडं बघायला लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या खालच्या मजल्यात छातीला पाणी लागलं. आम्ही माडीवर दोन रात्री काढल्या, मग होडी आली. आत्तींना खुर्चीसकट खिडकीतून उतरवलं. माझ्या दोन्ही मशीन पाण्याखाली होत्या, गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी तरंगत होती, पण त्या वेळी त्याचं काही वाटत नव्हतं. होडी वळली तेव्हा शेजारच्या कौलांच्या पाख्यावर एक पिवळी मांजर बसलेली दिसली. आमच्याच परसात यायची ती. तिनं आवाजही केला नाही, नुसती होडीकडं बघत राहिली. होडीत माणसांनाच जागा पुरत नव्हती, आणि थांबा म्हणायचं धाडस मला झालं नाही. नऊ दिवसांनी मिरजेहून परत आलो तेव्हा कौलांवर गाळ वाळला होता. ती पुन्हा दिसली नाही. ती तेव्हा पोटुशी होती की नव्हती, हे मी कितीदा आठवून बघितलं. आठवत नाही. मी तिच्याकडे तेवढं कधी बघितलंच नव्हतं.

ठिगळीनं माडी निवडली तेव्हा हे म्हणाले, तिला पुराचं आधीच कळलं. मला तसं वाटत नाही. माडीवर अंधार होता, कोरडं होतं, गिऱ्हाइकांची ये-जा नव्हती, मशीनचा आवाज नव्हता. वेणाऱ्या मांजराला एवढंच हवं असतं. पण मी खोकं उचललं, वाकळ काढून घेतली, आणि मखमलीवर तिच्या शेजारी नुसती ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर वाकळ तिच्या अंगाखाली होती.

*

बेंदूर होऊन चार दिवस झाले होते. सकाळी ठिगळीनं खाणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस मी तिचा ताप बघत होते, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम, १०१ च्या आसपास. त्या संध्याकाळी ९९ आणि वर थोडं भरलं. म्हणजे चोवीस तासांच्या आत. आत्तींनी चहा घेतला आणि काठी टेकत टेकत माडी चढल्या. गेल्या दोन वर्षांत त्या वर आल्या नव्हत्या.

रात्री अडीचच्या सुमारास पहिलं आलं. बाहेर पाऊस एकसारखा लागला होता. एक राखाडी, चकचकीत पिशवी, आणि तिच्यात काहीतरी वळवळणारं. ठिगळीनं जिभेनं ती फाडली, नाळ दातांनी तोडली, आणि इतक्या जोरानं चाटायला लागली की पिल्लू उलटंपालटं होत होतं. आत्ती म्हणाल्या, "चाटू दे. त्यानंच त्याला श्वास लागतो." वार पडली ती तिनं खाऊन टाकली. मला वाटलं होतं ते बघवणार नाही, पण त्यात किळसवाणं काहीच नव्हतं. जागा एवढी स्वच्छ केली तिनं, की मागं काही घडल्याची खूण राहिली नाही.

दुसरं दोन-तीन कळांमध्ये आलं. तिसरं आलं तेव्हा ठिगळी दुसऱ्याला चाटण्यात गुंतली होती आणि तिसऱ्यावरची पिशवी तशीच होती. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग धुतलेल्या बोटांनी नाकाजवळची पातळ कातडी ओढून फाडली, लुगड्याच्या तुकड्यानं तोंड पुसलं, आणि पाठ चोळायला लागले. हातात काहीच वजन नव्हतं. रिकामं रीळ उचलावं तसं. चोळत राहिले. मग एक बारीक शिंक आली, आणि त्यामागून आवाज. मी ते आईच्या तोंडाजवळ ठेवलं तर तिनं माझी बोटं पण चाटून काढली.

चौथ्याला वेळ लागला. दीड तास ती पिल्लांना पाजत शांत पडून होती. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. पहाटेचे चार वाजले होते आणि त्यांनी उचलला. जोराच्या कळा येऊनही वीस मिनिटं-अर्धा तास काही बाहेर येत नसेल तर घेऊन या, म्हणाले. नुसती विसावली असेल तर विसावू द्या. एक्स-रे नसता तर मी तीनच समजून दिवा मालवून खाली गेले असते. पाचच्या पुढं चौथं आलं, सगळ्यांत बारकं.

सोनाराकडं असतो तसला एक छोटा काटा माझ्याकडे आहे, मणी-टिकल्या तोलायला. सकाळी त्यावर वाटी ठेवून चौघांना तोललं. ९८, १०४, ९१ आणि ६८ ग्रॅम. नोंद कुठं करायची म्हणून मापाची वही उघडली. गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाह्यांची उंची जिथं असते तिथं एका नव्या पानावर ठिगळी लिहिलं आणि खाली चार ओळी आखल्या.

*

जन्मलेलं पिल्लू डोळे मिटलेलं असतं आणि कान बंद. त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही, आईनं चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला पाहिजे, आजाराशी झगडायची पहिली ताकद त्यातून येते. आत्तींना यातलं काही नवीन नव्हतं. त्यांनी शेगडी मागितली, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तशी, आणि ओव्याची धुरी. धुराला डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, ते मी सांगितलं. पण शेक हवाच होता. गरम पाण्याची बाटली वाकळीखाली एका कडेला ठेवली, म्हणजे ज्याला ऊब हवी तो जवळ सरकेल, जास्त झाली तर लांब जाईल. आत्तींनी हाताची पालथी बाजू लावून ऊब बघितली आणि मान हलवली.

रोज एकाच वेळी वजन करायचं. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढलं पाहिजे. पहिले तिघे वाढत होते. चौथं दुसऱ्या दिवशी ६६ झालं, संध्याकाळी ६३. ते आचळापर्यंत पोचायचं आणि धरायचं नाही, दुसऱ्यांच्या पायांखाली यायचं. डॉक्टरांनी पिल्लांची दूधपावडर दिली आणि बजावलं, थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध, नाहीतर ते पोटात तसंच राहतं. पालथं धरूनच पाजायचं, बाळासारखं उताणं नाही. दोन दोन तासांनी सिरिंजनं थेंब थेंब. मी ब्लाऊजच्या आत छातीशी धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्यापाशीच गेलं. कुठल्या क्षणी, ते कळलं नाही.

परसात प्राजक्ताखाली पुरलं. वर आले तर ठिगळी तिघांना घेऊन पडली होती. तिनं मला हुंगलं, पदर हुंगला, जिथं ते होतं ती जागा हुंगली, आणि परत मान खाली टाकली. मला रडू आवरेना. आत्ती म्हणाल्या, "तिला तीन जगवायचीत." वहीतली चौथी ओळ मी खोडली नाही. ६३ च्या पुढं रिकामी आहे.

पाचव्या रात्री आत्तींनी वहीतलं एक कोरं पान मागितलं. पाटीवर थोडे तांदूळ, पान, पेन्सिल, समोर निरांजन. सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. आमच्या मुलीच्या पाचवीला त्यांनी असंच केलं होतं. मी कुठंतरी वाचलं होतं की बंगालकडं षष्ठीदेवीचं वाहन मांजर मानतात, ते सांगितलं. आत्ती म्हणाल्या, "मग ही तिच्या घरचीच की." त्या आठवड्यात पाणी ३८ फुटांवर होतं. हे दर तासाला खाली मोबाइल बघत होते, आणि वर फडताळासमोर निरांजन जळत होतं. पाणी चाळिशीला लागलं नाही. उतरायला लागलं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. ठिगळीनं बाराव्या दिवशी पहिल्यांदा हलवलं, मानेला धरून एकेकाला, फडताळातून पलंगाखाली. मग कोठीमागं. मी काही म्हटलं नाही, वाकळ तेवढी मागून नेऊन ठेवत गेले. डोळे तोवर उघडले होते, निळसर, अजून काही न बघणारे. प्रत्येकाचा आचळ ठरलेला होता. चुकून दुसऱ्याचा धरला की ढकलाढकली. प्यायला लागले की पुढचे पंजे एकामागून एक आईच्या पोटावर दाबायचे, कणीक तिंबावी तसे, आणि तिघांच्या अंगातून गुरगुर चालू व्हायची.

महिन्याभरानं ती त्यांना माझ्या टेबलाखाली, टोपलीपाशी घेऊन आली. तेव्हा मात्र मी पहिल्यांदा तिला अडवलं. शिवणकामाच्या घरात पिल्लांना सगळ्यांत मोठा धोका धाग्याचा. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच जातो. सुईसकट गेला तर विचारायलाच नको. पोटात तो आतड्याला चुणी पाडतो, आपण झालरीला दोरा ओढून पाडतो तशी. तोंडाबाहेर टोक दिसलं तरी ओढायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. मी टोपली उचलून झाकणाच्या डब्यात ओतली. रोज रात्री फरशीवरून चुंबक फिरवते, पडलेल्या टाचण्यांसाठी, आणि ओल्या फडक्यानं धागे टिपून घेते. सवय झाली आता.

चतुर्थीच्या आधीच सांगलीच्या देवळात गाजावाजा न करता बसतात ते चोर गणपती बसले तेव्हा पिल्लं सहा आठवड्यांची होऊन गेली होती. मखमल बाहेर काढली. तिच्यावर केस होते, एका कडेला डाग. ती धुतली नाही आत्तींनी. यंदाचं मखर तिच्यावरच उभं राहिलं, डागावर पान ठेवून.

लसी झाल्या. दोन पिल्लांना घरं मिळाली, दहा आठवडे झाल्यावरच दिली, त्याआधी कितीही मागणी आली तरी नाही. एक हरिपूरला, एक इथंच दोन गल्ल्या सोडून. दोघांकडूनही वेळ आली की ऑपरेशन करायचं कबूल करून घेतलं, आणि खर्चाचं अडलं तर मला सांगा म्हटलं. तिसरं, जिच्या नाकावरची कातडी मी फाडली होती ती, आत्तींच्या पायाशी झोपते. ठिगळीचं दूध आटल्यावर, दसऱ्यानंतर, तिचं ऑपरेशन झालं. तोवर तिला बाहेर सोडलं नव्हतं. पिल्लं पीत असतानाही मांजर पुन्हा माजावर येतं, आणि आमच्या कौलांवर दोन बोके रात्रभर ओरडत होते. पट्टा बांधलेल्या पोटानं ती घरी आली, जिना चढून माडीवर गेली आणि फडताळाचं दार पायानं उघडलं. मी तिथली जागा आता रिकामीच ठेवते. वाकळ धुऊन आत आहे.

परवा त्या हिरव्या पैठणीवाल्या मुलीची आई आली. मुलगा झाला, बाराव्याला बारसं आहे. पिशवीतून ब्लाऊज काढून तिनं टेबलावर ठेवला. दिवाळीच्या कामाचा ढीग होता, तरी मी तो लगेच उलटा करून शिवण दिव्याखाली धरली.

"होईल ना बसता?" तिनं विचारलं. "अंग भरलंय तिचं. आत माया आहे?"

"आहे," मी म्हटलं. "दोन्हीकडं दीड-दीड इंच."

आणि उसवायला घेतलं. सुटलेला दोरा आधी मुठीत गुंडाळला, मग डब्यात टाकून झाकण लावलं.